वाटे थोरल्यानं, उचल धाकट्यानं

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात मी फार सुखात होतो. हे लिहायला अजूनही जड जातं, कारण त्याच हिवाळ्यात तिकडे बंगालमध्ये माणसं मरत होती, घरंदारं सोडून लोंढ्यांनी आपल्याकडे येत होती. मी रोज संध्याकाळी रेडिओवर त्यांची हकिगत ऐकायचो, डोळे पुसायचो आणि घरी जाऊन नव्या बायकोच्या हातची गरम भाकरी चवीनं खायचो. एवढं दुःख ऐकून माणसाला भूक कशी लागते, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. पण लागायची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, शाळेत नोकरी कायम झाली होती, ज्वारी हुरड्यात आली होती, आणि चोविसाव्या वर्षी पहिल्यांदाच असं वाटत होतं की जगात जे काही मोठं घडतंय ते आपल्याला समजतंय.

गाव मंठ्याच्या बाजारापासून दोन कोसांवर. आज ते जालना जिल्ह्यात आहे, तेव्हा परभणीत होतं. आमचे सरपंच पाटील म्हणायचे, "निजामाच्या राज्यात जन्मलो, हैदराबाद स्टेटात पोरं मोठी झाली, मुंबई राज्यात त्यांची लगनं झाली, महाराष्ट्रात म्हातारा होऊन राह्यलो, आन् बाजंवरून उठलो बी न्हाई." पाटील अंगानं भरलेले, मनानं उदार आणि रेडिओच्या बाबतीत अत्यंत कंजूष होते. रेडिओ ग्रामपंचायतीचा, पण त्याचं बटण पाटलांखेरीज कुणी पिळलेलं मी पाहिलं नाही. चावडीतल्या कपाटातून ते त्याला लेकरासारखं दोन्ही हातांनी उचलून आणत, मारुतीच्या पारावर ठेवत, उपरण्यानं पुसत आणि मग सगळ्यांकडे एकदा पाहून सुरू करत.

गावाला लागून नाला आणि नाल्यापलीकडच्या माळावर बंजाऱ्यांचा तांडा. गाव आणि तांडा मिळून ग्रामपंचायत एकच. तांड्यातले लोक स्वतःला गोर म्हणत आणि बाकी साऱ्या जगाला कोर. आपसात गोरमाटी बोलत. ती आम्हाला कळत नसे, त्यामुळे हे लोक आपल्यालाच हसतात असा गावाचा पक्का समज होता. पुढे मी ती बोली थोडी शिकलो, तेव्हा तो समज खरा निघाला.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लाजेनं राहून जाईल. तांड्यातली पोरं वर्गात गोरमाटी बोलली की मी त्यांना अंगठे धरून उभं करत असे. तासभर आधी त्याच वर्गाला मी सांगितलेलं असे की बंगालच्या लोकांवर दुसऱ्यांची भाषा लादली, म्हणून हा सगळा भडका उडाला. दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं करताना मला काही खटकत नव्हतं.

तांड्याचा नाईक पन्नाशीचा होता. लाल पागोटं, पांढऱ्या मिशा आणि डोळ्यांत कायम एक खोडी. पंचायतीत तांड्याचा पंच म्हणून तोच बसायचा. संध्याकाळी तो दहा-पंधरा माणसं घेऊन नाला ओलांडून रेडिओ ऐकायला यायचा आणि सगळ्यात शेवटी उठायचा.

पाकिस्तान म्हणजे काय हे पाटलांनी गावाला फार सोपं करून सांगितलं होतं. दोन भाऊ, एकाचं घर या शिवारात, दुसऱ्याचं त्या शिवारात, मधे सगळं आपलं वावर. खातं मात्र एकच. कमाई एकानं करायची आणि किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला. असं खातं टिकतं का? लोक माना हलवायचे. भावकीतलं भांडण समजायला कुणाला नकाशा लागत नव्हता.

नाईकाचे प्रश्न मात्र मला असायचे.

"गुरुजी, ती लोकं मागून काय राह्यली?"

मी म्हणालो, त्यांचा कारभार त्यांना करू द्या, एवढंच मागतात. निवडणुकीत जिंकले तरी राज्य हातात दिलं नाही.

"कमी हायेत का?"

"नाही. जास्त तेच आहेत."

"जास्त असून बी?" नाईकानं मिशीवरून हात फिरवला. "आम्ही तर कमीच हाओत."

हे तो कशावरून बोलला, ते मला त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं, त्याला बंगाल्यांची कीव आली.

डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि वरून हुकूम आला म्हणे की रात्री उजेड करायचा नाही. आमच्या गावात वीजच नव्हती. तरी पाटलांनी पारावरची गॅसबत्ती विझवायला लावली आणि आम्ही अंधारात बातम्या ऐकू लागलो. नाईक म्हणाला, तांड्यात हा हुकूम बाप-आज्यापासून पाळून राह्यलोत, सरकारला बिलकुल तक्रारीला जागा न्हाई. अंधारात आधी एक जण हसला, मग सगळा पार हसला. पाटील तर इतके हसले की बातम्यांमधलं एक वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही, आणि मग त्यावरून भांडण झालं.

बांगलादेश वेगळा झाला त्या संध्याकाळी पाटलांनी गूळ वाटला. मला पारावर उभं केलं. मी बोललो, आणि मनापासून बोललो. म्हणालो, लहान असो की मोठा, ज्याचा त्याला आपला कारभार करण्याचा हक्क आहे. ज्याला तहान लागते, त्यानंच घागर कुठं भरायची ते ठरवावं. ते वाक्य मला फार आवडलं होतं. शाळेतून येताना वाटेत तयार केलं होतं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वेळ नाईक टाळ्या वाजवत होता. घरी जाताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. दूर देशात किती घरं उजाड झाली असतील आणि इथे मी माझ्याच वाक्यावर खूश होतो.

तहानेची गोष्ट मी उगाच बोललो होतो, पण तांड्याला ती खरीच होती. गावात तीन विहिरी. तांड्यात एकही नाही. तांड्यातल्या बाया नाल्याच्या वाळूत खड्डा करायच्या, पाझर साचायची वाट पाहायच्या आणि वाटीनं घागर भरायच्या. होळी होईपर्यंत नाला असं पाणी द्यायचा, पुढे तेही नाही. मग गावच्या विहिरीवर यायचं, तर गावच्या बायांचं आधी होऊ द्यायचं. त्या साली पंचायतीला सरकारी खर्चानं एक नवी विहीर मंजूर झाली होती. जागा पंचायतीनं ठरवायची. पंचायतीत गावाचे पंच जास्त, त्यांनी ती मारुतीच्या मागे ठरवली. नाईकानं विरोध केला, तो एकटाच पडला. तेव्हा तो उठून म्हणाला, आमची पंचायत वेगळी करा. आमची विहीर आम्ही आमच्या माळावर पाडू.

हे ग्रामसभेत ठरायचं होतं. सभा सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर. आदल्या दिवशी पाटील शाळेत आले आणि म्हणाले, गुरुजी, एकीवर दोन शब्द बोला, लोकं तुमचं ऐकत्यात. मी नाही म्हणू शकलो असतो. शाळेच्या छपराचे पत्रे पंचायतीकडून यायचे होते, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण एवढंच की पाटलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बरं वाटलं.

मी बोललो. पाच बोटं आणि मूठ, काडी आणि मोळी, सगळं झालं. फुटलेलं घर आणि परक्याचं फावलेलं, तेही झालं. बायको शाळेच्या ओट्यावर बायांमध्ये बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नंतर पायाच्या बोटातल्या जोडव्यांकडे पाहत बसली.

मी खाली बसलो तसा नाईक उभा राहिला. रागावलेला अजिबात दिसत नव्हता.

"गुरुजी," तो म्हणाला, "डिसेंबरात तुम्ही आमच्याकडून बोलत व्हता. जानेवारीत तिकडून बोलून राह्यले. मधी पगार वाढला का?"

सगळी सभा हसली. माझे कान तापले. पण मीही हसलो. इतकं बरोबर बोलणं ऐकून न हसणं जमेना.

हात वर करायची वेळ आली असती, तर नाईक हरला असता. गावाचे हात जास्त होते आणि ते वर जायला तयार होते. पण पाटलांना नुसतं जिंकायचं नव्हतं, त्यांना प्रेमानं जिंकायचं होतं. ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, तांडा काय आम्हाला परका हाय? आमचा धाकला भाऊ हाय. एका पंक्तीत जेवलोत. धाकल्या भावाला कोणी घराबाहेर काढतं काय?

नाईक गर्दीतून वाट काढत पाटलांपुढे आला.

"धाकला भाऊ म्हणलात ना?"

"म्हणलो की."

"मंग दादा म्हणू का?"

"म्हण. कोणी अडवलं?"

नाईकानं वाकून पाटलांच्या पायाला हात लावला. उभा राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, चार लोकांसमोर मागून राह्यलो. मला माझी वाटणी द्या."

सभा गप्प झाली. शहरात वाढलेल्या वाचकाला ते गप्प होणं कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे धाकट्या भावानं चार लोकांत वाटणी मागितली की थोरल्याला ती नाकारता येत नाही. त्यानं रागवावं, रडावं, सुगी होऊ दे म्हणून लांबवावं. पण नाही म्हटलं तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि वाटणीची रीतही ठरलेली. वाटे थोरल्यानं घालायचे, उचल धाकट्यानं आधी करायची. म्हणजे वाटे घालताना थोरल्याचा हात आपोआप सरळ राहतो. पाटलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची भांडणं याच रीतीनं मिटवली होती. धाकटा भाऊ म्हटलं की माणूस खालच्या पायरीवर बसतो, एवढंच त्यांच्या मनात होतं. धाकट्याचेही हक्क असतात, हे ते बोलण्याच्या भरात विसरले.

पाटील नाईकाकडे पाहत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते.

"लेका," ते म्हणाले, "माझ्याच दाव्यानं मला खुंट्याला बांधलंस. बरं. वाटे मी घालीन. उचल तुझी."

ग्रामसेवक कुरकुरला की कायद्यात असं काही नाही. पाटील म्हणाले, कायद्यात नसंल, पण कायद्याच्या आड बी येत न्हाई. तुम्ही तुमच्या भाषेत लिहून घ्या. कागदोपत्री तांड्याची पंचायत वेगळी व्हायला पुढे बराच काळ गेला, पण दोन्हीकडच्या लोकांच्या लेखी ती त्या दिवशीच झाली.

आता पंचायतीचं वाटून घेण्यासारखं होतं काय? एक सतरंजी, गॅसबत्ती, दोन खुर्च्या, कपाट, दवंडीची हलगी. खरं म्हणजे दोनच वस्तू: रेडिओ आणि ती न पाडलेली विहीर. पुढचे काही दिवस पाटील रोज आमच्या घरी येऊन बसायचे. बायको चहा ठेवायची आणि ते भिंतीकडे पाहत बोलायचे. दोन्ही एका वाट्यात टाकले तर नाईक तोच वाटा उचलणार. वेगळे टाकले तर एक जाणार. कोणतं जाईल?

मी म्हणालो, विहीर उचलतील.

"तुम्ही त्यांना ओळखत न्हाई," पाटील म्हणाले. "सगळ्यात शेवटी कोण उठतं? नाईकाचा जीव हाय रेडिओत. पोरं तर गाण्यासाठी येडी झाली."

चुलीपुढून बायको म्हणाली, "पाटील, तुम्हाला काय हवंय ते तर सांगा."

पाटलांनी बशीतला चहा बराच वेळ फुंकला. "रेडिओ," ते म्हणाले, आणि लाजले. साठीच्या सरपंचाला तसं लाजताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "गावात तीन विहिरी हायेत, वैनी. रेडिओ एकच."

ते गेल्यावर बायकोनं मला विचारलं, आणि तुम्हाला? मी म्हणालो, तांड्याला विहीर मिळावी, न्यायाचं तेच आहे. ती म्हणाली, न्यायाचं नाही विचारलं. तांड्याला विहीर मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. पण ते बाया वाटीनं पाणी भरतात म्हणून, की रेडिओ नाल्याच्या अलीकडे राहावा म्हणून, याचा निवाडा मी इतक्या वर्षांतही करू शकलेलो नाही.

वाटणीच्या दिवशी दोन्हीकडचे लोक मारुतीपुढे जमले. लग्नाला यावं तसे नटून आले होते. तांड्यातल्या बाया आरशांच्या चोळ्या आणि हस्तिदंती बांगड्या घालून आल्या. उन्हात त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. पाटलांनी दोन चादरी अंथरल्या. एकीवर रेडिओ, गॅसबत्ती आणि एक खुर्ची. दुसरीवर हळद-कुंकू लावलेली पहार, म्हणजे विहीर, आणि तिच्याबरोबर सतरंजी, हलगी नि दुसरी खुर्ची. कपाटाला वाळवी लागली होती, ते कुणालाच नको होतं.

"उचल," पाटील म्हणाले.

नाईक सरळ रेडिओकडे गेला. उकिडवा बसला. पाटलांना न विचारता त्यानं बटण पिळलं आणि गाणं सुरू झालं. तांड्याच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. पाटलांनी डोळे मिटून घेतले होते. नाईक गाणं ऐकत मान हलवत होता, आणि मला स्पष्ट दिसत होतं की तो नाटक करत नाही. त्याला तो रेडिओ खरोखरच हवा होता. तेवढ्यात बायांमधून त्याच्या म्हाताऱ्या आईनं, तिला सगळा तांडा याडी, म्हणजे आईच, म्हणे, त्याला दोन शब्दांत हाक मारली. नुसती हाकच होती. त्यानं वर पाहिलं.

मग त्यानं बटण बंद केलं, रेडिओ उचलला आणि नेऊन पाटलांच्या हातात दिला.

"घ्या दादा. याच्या शेलचा खर्चा आमच्यानं व्हायचा न्हाई."

आणि परत येऊन त्यानं पहार खांद्यावर घेतली.

तांड्याच्या पोरांनी कपाळावर हात मारले. बाया गाऊ लागल्या. गाव तर असं आनंदलं की जणू गावानंच वाटणी मागितली होती. पाटील रेडिओ छातीशी धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नाईकानं विचारलं, ऐकायला आलं तर चालंल ना? पाटील म्हणाले, कान बी वाटून घ्यायचे काय लेका, ये की. त्या संध्याकाळी दोन्हीकडचे लोक एकाच पारावर बसले होते. फरक इतकाच, की तांड्याची माणसं त्यांच्या वाट्याच्या सतरंजीवर बसली आणि आम्ही जमिनीवर.

वर्गात अंगठे धरायला लावणं मी बंद केलं. तत्त्वानं केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण झालं असं की त्या सभेनंतर पोरं माझ्याकडे पाहून गोरमाटीत काहीतरी बोलून हसायची, आणि ती काय म्हणतात हे मला जाणून घ्यायचंच होतं. म्हणून मी शिकायला लागलो.

होळी झाल्याबरोबर तांड्यानं माळावर विहीर धरली. पहिली कुदळ याडीनं मारली. भाऊ वेगळा निघाला की त्याचं घर उभं करायला थोरल्यानं हात लावायचा असतो, म्हणून पाटलांनी गाळ ओढायला दोन बैलजोड्या पाठवल्या आणि स्वतः रोज बाभळीखाली खुर्ची टाकून बसू लागले. खुर्ची मात्र तांड्याच्या वाट्याची, असं नाईक त्यांना रोज आठवण करून द्यायचा. मुरूम संपला, काळा खडक लागला, सुरुंग लावावे लागले. शाळा सुटली की मीही जायचो, दगडाची पाटी उचलायचो. मास्तरच्या हाताला फोड आले की बाया हसायच्या. मला ते हसणं हवंसं वाटायचं. माझं काहीतरी फिटतंय असं वाटायचं. तसं फिटत नसतं हेही मला माहीत होतं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचो.

चार पुरुष, म्हणजे चार माणसांच्या उंचीइतकं, खोल गेलो तरी कोरडंच. नाईकाच्या थट्टा कमी झाल्या. तांड्यातली पोरं उघड बोलू लागली की रेडिओ घेतला असता तर निदान गाणी तरी लागली असती. नाईक ऐकून घ्यायचा आणि पुन्हा खाली उतरायचा.

पाचव्या पुरुषाला एका दुपारी सुरुंग उडाला, धूर बसला, आणि नाईक खाली उतरला. आम्ही काठावरून वाकून पाहत होतो. मग खालून आवाज आला, पण तो शब्दांचा नव्हता. कुणीतरी पाण्यात पाय आपटत होतं.

त्यानंतर काय झालं ते मला नीट क्रमानं सांगता येणार नाही. बाया नाचत होत्या. पोरं कपड्यांसकट खाली उतरत होती आणि त्यांच्या आया वरून ओरडत होत्या. माझी बायको तांड्यातल्या दोघींच्या मधे हात धरून फेर धरत होती, तिला ती पावलं कधी आली कोण जाणे. माझ्या डोक्यावर कुणीतरी मागून बादली ओतली, आणि चष्मा चिखलानं भरला. पहिली घागर वर आली तेव्हा याडीनं डोळे मिटून अरदास, म्हणजे त्यांची प्रार्थना, म्हटली, थोडं पाणी चारी दिशांना शिंपडलं आणि मग ती घागर घेऊन ती स्वतः बाभळीकडे गेली. पाटील खुर्चीवरून उठले, वाकले आणि त्यांनी ओंजळ धरली. पाणी गढूळ होतं, सुरुंगाच्या दारूचा वास येत होता. पाटलांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

नाईक तोवर दोराला धरून वर आला होता, नखशिखांत चिखलानं भरलेला.

"कसं हाय, दादा?"

"चिखल हाय निव्वळ."

"असू द्या. आमचा हाय."

पाटलांनी पुन्हा ओंजळ पुढे केली.